पापनिवेदनात किती सांगावे, कुठे थांबावे

कन्फेशनला, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूपुढे आपली पापे सांगायला, जाताना चूक दोन टोकांना होते. एकजण "फादर, रागावलो, खोटं बोललो, वाईट विचार आले" असे एका दमात उरकतो आणि ज्या एका गोष्टीसाठी रांगेत उभा राहिला होता ती तशीच घरी परत नेतो. दुसरी व्यक्ती जाऊबाईंनी लग्नात काय टोमणा मारला इथून सुरुवात करते. दहा मिनिटांनी फादरना जाऊबाईंची सगळी पापे समजलेली असतात, समोर गुडघे टेकलेल्या बाईचे मात्र एकही नाही.

चर्चची अपेक्षा याबाबत मोघम नाही. सध्याच्या कॅनन लॉचे, म्हणजे १९८३च्या धर्मसंहितेचे, कलम ९८८ सांगते: बाप्तिस्म्यानंतर केलेली, आजवर पापनिवेदनात न सांगितलेली आणि नीट आत्मपरीक्षण केल्यावर आठवणारी सर्व गंभीर पापे प्रकार आणि संख्या यांसह सांगायची. त्याआधी १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती: ज्या परिस्थितीमुळे पापाचा प्रकारच बदलतो तीही सांगायची. क्षम्य, म्हणजे हलकी, पापे सांगण्याची शिफारस आहे, सक्ती नाही. काय केले, किती वेळा केले, आणि त्या कृत्याचे स्वरूप पालटणारे काही होते का, एवढीच ही मागणी आहे. यापलीकडचा तपशील बहुतेक वेळा अनावश्यक असतो आणि यापेक्षा कमी असेल तर निवेदन अपुरे राहते.

यामागचे कारण साधे आहे. धर्मगुरू तिथे न्याय करायला आणि बरे करायला बसलेले असतात, आणि ही दोन्ही कामे अंदाजाने होत नाहीत. वैद्याला जखम दाखवायला लाजणाऱ्या रोग्याची संत जेरोमची उपमा ट्रेंटच्या परिषदेनेही वापरली आहे: जे माहीतच नाही त्यावर औषध चालत नाही.

आधी घरी करायचे काम

किती सांगायचे हा प्रश्न कन्फेशनलच्या, म्हणजे जिथे निवेदन करतात त्या कक्षाच्या, आत सोडवायला गेलात तर गोंधळ उडणारच. आदल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे काढून दहा आज्ञा एकेक करून घ्या. कॅथलिक क्रम लक्षात ठेवा: चौथी आईवडिलांची, पाचवी जीव न घेण्याची, सहावी व्यभिचाराची, सातवी चोरीची, आठवी खोट्या साक्षीची. प्रत्येक आज्ञेपाशी थांबून गेल्या कन्फेशनपासून आजपर्यंतचा काळ आठवा. वर्षभराचा काळ असेल तर सण, परीक्षा, आजारपण, गावाला जाणे अशा खुणांनी त्याचे तुकडे पाडा, म्हणजे आठवायला सोपे जाते.

मग गंभीर आणि क्षम्य वेगळे करा. गंभीर पापासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय मोठा हवा, तो मोठा आहे हे पूर्ण ठाऊक हवे, आणि मनापासून संमती हवी. यांतली एक जरी नसली तरी ते पाप त्या अर्थाने गंभीर ठरत नाही. डोक्यात एखादा विचार आला आणि तुम्ही तो झटकलात, तर ते पापच नाही, मोह आहे. तापात किंवा अर्धवट झोपेत झालेल्या गोष्टीत पूर्ण संमती नसते. आजारपणामुळे किंवा तान्ह्या मुलाजवळ बसावे लागल्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली, तर ते सांगण्याच्या यादीत येत नाही.

कागदावर चार शब्द लिहून नेले तर हरकत नाही, नंतर तो कागद फाडून टाका. मोबाइलमध्ये लिहिणे टाळलेले बरे. फोन हरवतो, घरातली मुले तो घेतात, आणि रांगेत उभे असताना तुमच्या खांद्यावरून डोकावणारा शेजारी असतोच.

पापाला त्याच्या नावाने हाक

पापाचा प्रकार सांगायचा म्हणजे कृत्याचे साधे, नेमके नाव घ्यायचे. "मी सहावी आज्ञा मोडली" हे पुरेसे नाही, कारण त्या आज्ञेखाली अश्लील चित्रफीत पाहण्यापासून परस्त्रीशी संबंधांपर्यंत सगळे येते. "मी देवावर पुरेसं प्रेम केलं नाही", "माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल" ही वाक्ये संतांनाही लागू पडतात. त्यांतून धर्मगुरूंना काहीच कळत नाही, आणि तुम्हालाही पश्चात्ताप कशाचा करायचा ते उमगत नाही.

"खोटं बोललो" याऐवजी "जमिनीच्या दाव्यात शपथेवर खोटी साक्ष दिली" असे म्हणा. शपथ आली की खोटेपणाचा प्रकार बदलतो, कारण त्यात देवाला साक्षी ठेवलेले असते. "लोकांबद्दल बोलले" हेही अपुरे आहे. एखाद्याबद्दल खोटे पसरवले की खरे असलेले पण झाकून ठेवण्याजोगे उघड केले, हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची भरपाईही वेगळी आहे. "रागावलो" यात मुलावर ओरडणे येते आणि बायकोवर हात उचलणेही येते. दुसरे झाले असेल तर तेच शब्द वापरा.

परिस्थितीने प्रकार बदलण्याची काही उदाहरणे डोक्यात ठेवली की बाकीचे आपोआप समजते. दुकानातून पैसे उचलणे ही चोरी. चर्चच्या दानपेटीतून उचलले तर त्यात पवित्र वस्तूची विटंबनाही आली. शेजाऱ्याला मारणे एक, आईला किंवा वडिलांना मारणे दुसरे. अविवाहित दोघांमधला संबंध आणि त्यांपैकी एकजण विवाहित असताना घडलेला संबंध यांत फरक आहे, म्हणून सहाव्या आज्ञेच्या बाबतीत तुम्ही विवाहित आहात का आणि समोरची व्यक्ती विवाहित होती का, एवढे सांगावेच लागते. दुसऱ्याला, विशेषतः लहान व्यक्तीला, पापात ओढले असेल तर तेही वेगळे सांगायचे.

पापाचा प्रकार न बदलता फक्त वजन कमीजास्त करणारी परिस्थितीही असते. कुणाचा दबाव होता, भीती होती, दारूच्या नशेत होतो. तिची एका वाक्यात नोंद पुरे. गर्भपाताच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. "सासरच्यांनी सक्ती केली" हे सांगणे म्हणजे सबब सांगणे नव्हे. संमती किती होती हे धर्मगुरूंना त्यावरून समजते. गर्भपात करायला लावणाऱ्याने किंवा त्यासाठी पैसे देणाऱ्यानेही आपला भाग सांगायचा आहे. २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना दिला आहे, त्यामुळे "यासाठी बिशपांकडे जावं लागेल" या जुन्या धास्तीने कुणी मागे राहू नये.

जागा, वेळ, कपडे, कोण काय बोलले, आधी काय घडले, नंतर काय घडले हे सगळे गाळा. सहाव्या आज्ञेच्या बाबतीत तर कटाक्षाने. एकट्याने की दुसऱ्यासह, विचार की कृती, विवाहित की अविवाहित, किती वेळा, आणि आता थांबले आहे का, एवढ्यावर थांबा. "मी विवाहित आहे. एका अविवाहित स्त्रीशी चार महिने शरीरसंबंध होते, सात-आठ वेळा. आता ते संपवले आहेत." हे संपूर्ण निवेदन झाले. शेवटचे वाक्य विसरू नका. संबंध चालूच ठेवायचा विचार असेल तर पुन्हा न करण्याचा निश्चय नाही, आणि निश्चयाशिवाय पापक्षमा मिळत नाही.

संख्या कशी मोजायची

नक्की आकडा माहीत असेल तर तो सांगा. नसेल तर अंदाज सांगा आणि तो अंदाज आहे असेही सांगा: "गेल्या वर्षात साधारण दहा रविवारी कारण नसताना मिस्सा चुकवली." सवयीच्या पापाला कालावधी आणि वारंवारता पुरते: "दोन वर्षांपासून, आठवड्यातून दोनेकदा." खूप वर्षांचा काळ असेल आणि काहीच अंदाज नसेल तर "फार वेळा, जवळजवळ रोज" हेही चालते. नंतर नेमका आकडा आठवला आणि तो बराच मोठा निघाला, तर पुढच्या वेळी एका वाक्यात दुरुस्ती करा. बारा म्हटले आणि चौदा निघाले, तर काहीही करायचे नाही.

क्षम्य पापांना आकडा लागत नाही. उलट इथे लांबलचक यादी तोट्याची. दर महिन्याला त्याच वीस गोष्टी वाचून दाखवणाऱ्याला कशाचाच खरा पश्चात्ताप होत नाही. दोन-तीन निवडा, आणि त्यांची मुळे शोधा. "घरच्यांशी तुसडेपणाने वागतो" याच्या मुळाशी रात्री उशिरापर्यंत फोन बघणे असेल तर तेच सांगा, म्हणजे फादरना काही उपाय सुचवता येईल. गंभीर काहीच नसेल तर मागच्या आयुष्यातले एखादे, आधीच क्षमा झालेले पाप पुन्हा एका वाक्यात घेण्याची जुनी पद्धत आहे: "आणि पूर्वीच्या प्रामाणिकपणाविरुद्धच्या पापांबद्दलही मला खेद आहे."

पैसा, जमीन, अब्रू

सातव्या आज्ञेत रक्कम सांगावी लागते, कारण गांभीर्य तिच्यावर ठरते. आणि कुणाचे घेतले हेही, नावाने नव्हे तर परिस्थितीने. पाचशे रुपये मोठ्या कंपनीचे गेले तर तिला कळतही नाही. रोजंदारीवरच्या माणसाचे तेच पाचशे म्हणजे त्याच्या घरातला एक दिवस. "कामवाल्या बाईचा पंधरा दिवसांचा पगार बुडवला" हे वाक्य रकमेपेक्षा जास्त सांगते.

चोरीची कबुली दिली की ते परत करण्याचे कर्तव्य संपत नाही. परत करणे शक्य आहे का, केले आहे का, कसे करणार, हे निवेदनातच विचारून घ्या. गुपचूप परत करण्याचे मार्ग असतात, आणि ते धर्मगुरूंना चांगले ठाऊक असतात. अब्रूचेही तसेच. व्हॉट्सॲपच्या गटात खोटे पसरवले असेल तर त्याच गटात ते मागे घेणे ही भरपाई. गट किती मोठा होता हे सांगा.

आपल्याकडे सगळ्यात गुंतागुंतीचे निवेदन भावकीच्या भांडणाचे असते. वसईपासून गोव्यापर्यंत वाडी, वाटणी, सातबारा यांवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. इथे दाव्याचा सगळा इतिहास सांगायचा मोह फार असतो. आवर घाला. न्यायालयात हक्क मागणे हे पाप नाही, त्यामुळे दावा दाखल केला हे सांगायची गरज नाही. सांगायचे ते असे: "भावाशी सहा वर्षं बोलत नाही. त्याचं वाईट व्हावं असं मनात धरलं, आणि आईच्या मयतालाही त्याला क्षमा करायला नकार दिला." भावाने काय केले हे त्याने त्याच्या कन्फेशनमध्ये सांगायचे आहे.

दुसऱ्यांची नावे, दुसऱ्यांची पापे

पापात साथीदार होता तर त्याचे नाव सांगू नका. कलम ९७९ धर्मगुरूंना साथीदाराचे नाव विचारायला स्पष्ट मनाई करते. लहान गावात "आमच्या गल्लीतला सुतार" म्हटले तरी नाव सांगितल्यासारखेच होते, म्हणून ओळख पटेल असा तपशीलही टाळा. तो टाळताच येत नसेल तर ओळखीच्या नसलेल्या धर्मगुरूंकडे जा. कन्फेसर, म्हणजे निवेदन ऐकणारे धर्मगुरू, निवडण्याची पूर्ण मुभा कलम ९९१ देते आणि दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागातल्या चर्चमध्ये, जाण्यात काहीही वावगे नाही.

फादर काही प्रश्न विचारतील. "किती वेळा?", "ठरवून केलंत की रागाच्या भरात?" हे प्रश्न त्यांच्या कामाचेच आहेत, थोडक्यात उत्तर द्या. प्रश्न अवांतर वाटला तर "फादर, हे सांगणं आवश्यक आहे का?" असे विचारायला संकोच नको. आणि कन्फेशनमध्ये कुणी धर्मगुरूने लैंगिक स्वरूपाची सूचना किंवा मागणी केली, तर तो चर्चच्या कायद्यात मोठा गुन्हा आहे. गुप्ततेचे बंधन धर्मगुरूंवर असते, तुमच्यावर नाही. तुम्ही ते बाहेर सांगू शकता आणि सांगावे.

ती गुप्तता किती कडक आहे हे माहीत असेल तर जीभ सैल व्हायला मदत होते. ती थेट मोडणाऱ्या धर्मगुरूवर आपोआप बहिष्कार लागू होतो आणि तो उठवण्याचा अधिकार रोमकडे राखून ठेवलेला आहे. ऐकलेली माहिती न सांगताही तुमच्या तोट्यासाठी वापरायला कलम ९८४ मनाई करते. कन्फेशनचे ध्वनिमुद्रण करणे हाही चर्चच्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून फोन बंद करून आत जा.

या गुप्ततेची एक बाजू मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. तुमच्यावर कुणी अत्याचार करत असेल आणि ते फक्त कन्फेशनमध्ये सांगितले, तर फादर बाहेर त्यावर काहीही करू शकत नाहीत. मदत हवी असेल तर तीच गोष्ट कन्फेशनबाहेर, ऑफिसात बसून पुन्हा सांगा. शिवाय तुमच्यावर झालेला अत्याचार हे तुमचे पाप नाही. ते यादीत घालायचे नाही.

विसरलेले, लपवलेले, पुन्हा पुन्हा आठवणारे

बाहेर आल्यावर एखादे गंभीर पाप आठवले तर रांगेत पुन्हा उभे राहू नका. मनापासून केलेल्या निवेदनात विसरलेल्या पापांचीही क्षमा झालेली असते, तुम्ही कम्युनियन (मिस्सामधली पवित्र भाकर) घेऊ शकता. पुढच्या वेळी "मागच्या वेळी हे विसरलो होतो" एवढे म्हणून ते सांगायचे. म्हणूनच निवेदनाच्या शेवटी "यांखेरीज आठवत नसलेल्या सर्व पापांबद्दलही मला खेद आहे" हे वाक्य असते.

जाणूनबुजून लपवलेल्या गंभीर पापाची गोष्ट वेगळी. त्या निवेदनातून पापक्षमा मिळालेलीच नसते, आणि त्यानंतरची कन्फेशनेही ते पाप लपवूनच झाली असतील तर तीही निष्फळ. दुरुस्ती वाटते तेवढी अवघड नाही. सुरुवातच अशी करा: "फादर, तीन वर्षांपूर्वी मी एक गंभीर पाप लाजेनं लपवलं आणि तेव्हापासून तसाच कम्युनियन घेतो आहे." मग ते पाप, आणि तेव्हापासूनची बाकी गंभीर पापे सांगा. सगळ्यात अवघड गोष्ट आधी सांगायची, हा नियम इथेच नव्हे तर नेहमीच पाळावा. शेवटी ठेवलेली गोष्ट अनेकदा ओठांवरच राहते.

शंकेखोर मनाच्या माणसासाठी वरचे बरेचसे नियम उलटे चालवावे लागतात. जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा संत इग्नाशियस, याने १५२२ साली स्पेनमधल्या मोन्सेराटला तीन दिवस लेखी निवेदन केले, तरी पुढे मनरेसात काहीतरी राहून गेल्याच्या छळाने तो जिवाला कंटाळला. जुने पाप पुन्हा सांगायचे नाही असे त्याने ठरवले तेव्हा कुठे सुटका झाली. सांगितले ते नीट सांगितले का, पश्चात्ताप पुरेसा होता का, हा प्रश्न रोज छळत असेल तर एकच कन्फेसर धरा आणि तो "आता पुरे" म्हणाला की थांबा. शपथ घेऊन सांगता येत नसेल की ते गंभीर होते आणि आजवर सांगितलेले नाही, तर ते सांगायचे नाही, असा मार्ग अशांना कन्फेसर अनेकदा घालून देतात. इतरांनी मात्र शंका असलेली गोष्ट "खात्री नाही, पण" असे म्हणून एकदा सांगून टाकावी.

प्रत्यक्ष आत

क्रूसाची खूण करा. शेवटचे कन्फेशन कधी झाले ते सांगा, आणि संदर्भ लागत असेल तर विवाहित, अविवाहित किंवा विधवा असल्याचे. मग गंभीर पापे, मग दोन-तीन क्षम्य, मग विसरलेल्यांबद्दलचे वाक्य. नेहमीच्या निवेदनाला तीन ते पाच मिनिटे पुरतात. दहा-पंधरा वर्षांनी येत असाल तर ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शेवटच्या आठवड्याची किंवा नाताळच्या आधीची लांब रांग टाळा, फादरना आधी वेळ मागा, आणि आत गेल्यावर "खूप वर्षांनी आलो आहे, मदत करा" म्हणा. ते एकेक आज्ञा घेऊन विचारतील, तुम्हाला फक्त उत्तरे द्यायची असतात. दिलेले प्रायश्चित्त झेपणारे नसेल तर तिथेच सांगा, बदलून मिळते.

फोनवर किंवा चिठ्ठीतून हा संस्कार होत नाही. गैरहजर धर्मगुरूपुढे पत्राने निवेदन करून गैरहजेरीतच पापक्षमा घेण्याला क्लेमेंट आठव्या पोपने १६०२ सालीच मनाई केली.

मुलांच्या पहिल्या कन्फेशनला, म्हणजे सात-आठ वर्षांच्या वयात, प्रकार आणि संख्येचे ओझे नको. आई-बाबांचे ऐकले नाही, भावाला मारले, परीक्षेत बघून लिहिले, अशी त्यांची स्वतःची तीन वाक्ये पुरेत. आईने लिहून दिलेली यादी पाठ करून मूल आईचीच पापे सांगून येते. आणि घरी परतल्यावर "काय सांगितलंस?" हे विचारायचे नाही.

भाषा आपल्या मनाची असावी. मुंबईत, वसईत मराठी समजणारे धर्मगुरू सहज भेटतात, आखातात किंवा युरोपात नेहमीच नाही. मोडक्या इंग्रजीत पापाचे नाव आणि आकडा एवढे सांगता आले तरी निवेदन पूर्ण होते, व्याकरणाची चिंता नको. तेही जमत नसेल तर कलम ९९०नुसार दुभाष्या घेता येतो, आणि त्यालाही तुमची पापे गुप्त ठेवण्याचे बंधन असते. पण तुमच्यावर ही सक्ती नाही, आणि सोबत राहणाऱ्या सहकाऱ्याला दुभाष्या करण्यापेक्षा मराठी येणाऱ्या फादरची वाट पाहणे बहुतेकांना परवडते.